शेवटचा सूर वर

खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय. तिच्या जिन्याखालच्या खोलीत, रविवारी, भर दुपारी.

आत्या गाण्याच्या शिकवण्या घेते. जन्मभर दुसऱ्यांची गाणी शिकवली. आता स्वतः बांधलेली एक चाल घरीच रेकॉर्ड करायची, असं तिनं ठरवलं.

"या वयात कसली थेरं?" माझे बाबा हसले.

मग तर ती हट्टालाच पेटली.

परवडेल असा एकच सिंथेसायझर मिळाला. जुना, रॅकमध्ये बसवायचा लोखंडी डबा. त्याला स्वतःच्या पट्ट्या नसतात. कीबोर्डची वायर जोडली तरच वाजतो.

"संध्याकाळपर्यंत तपासा, नाहीतर परत आणा," दुकानदार म्हणाला. "सगळेच आणतात."

आत्याची तपासायची रीत ठरलेली. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावायचं, एकेका आवाजात आपली चाल वाजवायची, मग हात उचलून सूर पुरता विरेपर्यंत ऐकायचं.

व्हायोलिनचा आवाज लावला. झकास!

हात उचलले... शेवटचा सूर विरला नाही. हळूच खाली घसरला.

बासरीचा लावला... तेच.

"बिघडलाय मेला!" तिनं कीबोर्डची वायर उपटली.

खोली शांत झाली. जरा जास्तच. रस्त्यावरचे आवाज गेले. डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याची घरघर येत नव्हती...

आणि डबा वाजू लागला.

तिचीच चाल. वायरशिवाय. अख्खी. शेवटचा सूर तेवढा खाली गेला, कुणीतरी रडू दाबावं तसा.

आत्या झटकन उठली. ती दारापर्यंत गेलीसुद्धा. पण तिथंच तिचं डोकं फिरलं.

"चाल माझी आहे!" ती कडाडली. "शेवटचा सूर वर. पुन्हा!"



डब्यानं पुन्हा वाजवलं. चुकलं.

"पुन्हा!"

दिवस कलला तेव्हा दुकानदाराचा फोन आला. "परत आणताय ना?"

"नाही. अजून शिकतोय."

पलीकडून फोन ठेवला गेला.

मग तिनं डब्याचा प्लगच काढला. "आता वाजव."

डबा वाजला... आणि शेवटचा सूर वर गेला. स्वच्छ.

मोबाइलवरचं ते रेकॉर्डिंग तिनं आम्हाला ऐकवलं. बाबांनी मान खाली घालून ऐकलं. सूर संपला.

तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्ये कुणीतरी घसा साफ केला...

"आता माझी चाल ऐका, बाई."

बाबा ताडकन उठले. "फेकून दे तो डबा!"

"का म्हणून? माझ्या घरात माझंच चालणार."

आजही ती दुपारी दार लावून बसते. प्लग काढलेलाच असतो. मी जिन्यावरच थांबतो. आतून चाल ऐकू येते, आणि मग "पुन्हा!"

हल्ली तो आवाज आत्याचा नसतो.