कस्तुरीची जागा

घटस्थापनेच्या आदल्या दुपारी लतिका खांबेटे औषधं आणायला बनारसातल्या लंकेला गेली. विद्यापीठाच्या फाटकासमोरचा हा बाजार; तिथे दर दोन दुकानांआड औषधांचं एक दुकान. काम साधं होतं. जावेच्या डॉक्टरची चिठ्ठी तिनं मोबाइलमध्ये टिपून ठेवली होती. दुकानदारानं ती पाहिली, गोळ्यांच्या पट्ट्या कागदात गुंडाळल्या आणि पेशंट घरातलाच का, एवढंच हिंदीत विचारलं. लतिका हो म्हणाली. बाहेर दमट ऊन होतं, दुर्गापूजेच्या मांडवांचे बांबू रस्त्यात आडवे पडले होते आणि ई-रिक्शावाले त्यावरून एकमेकांना शिव्या घालत होते. महमूरगंजला घरी पोहोचेपर्यंत तिनं पर्स पोटाशी घट्ट धरून ठेवली. आत चोरीचं काही नव्हतं. पण आपण जे करतोय ते चांगुलपणानं करत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

खांबेटे म्हणजे बनारसातलं बडं मराठी घर. रेशमी साड्यांची पेढी, दोन हॉटेलं, महमूरगंजला लिफ्ट असलेला चार मजली बंगला. थोरला विश्वजीत, धाकटा देवदत्त म्हणजे लतिकाचा नवरा, दोघंही शिकलेले. त्यांची आई आनंदीबाई गावातल्या प्रत्येक मराठी कार्यक्रमात पहिल्या खुर्चीवर. आणि विश्वजीतची बायको कस्तुरी, जिला आवाज ऐकू येत.

कस्तुरीला ते लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी सुरू झाले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, गोळ्यांनी ती बरी राहू लागली. गोष्ट तिथेच संपायची. पण एका नवरात्रात अष्टमीच्या संध्याकाळी महालक्ष्मीपुढे बायका घागरी फुंकत होत्या. उदाचा धूर भरलेली घागर दोन्ही हातांनी तिरपी धरायची, तिच्या तोंडावर फुंकर घालत नाचायचं, आणि एखादीच्या अंगात येतं, मग तिला प्रश्न विचारायचे, अशी ही चाल. त्या वर्षी कस्तुरीच्या गोळ्या चुकल्या होत्या. ती घुमली आणि म्हणाली, हॉटेलचं अडकलेलं लायसन्स दिवाळीच्या आत येईल. ते आलं. लायसन्स देवीनं आणलं की पाकिटानं, हे खांबेट्यांना चांगलं ठाऊक होतं. पण पाकिटाची आरती करता येत नाही.

तेव्हापासून दरसाल घटस्थापनेच्या सकाळी आनंदीबाई कस्तुरीच्या गोळ्या देवघराच्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावत. देवीच्या वाटेत औषध नको, म्हणत. अष्टमीला जजांच्या, बिल्डरांच्या, डॉक्टरांच्याही बायका रांगेनं येत. त्या डॉक्टरांच्या बायकांनी घरी जाऊन नवऱ्यांना काय सांगितलं, कोण जाणे. नवरात्र उठलं की कस्तुरी पार कोसळायची. दिवाळीपर्यंत वरच्या मजल्यावर पडून राहायची, भिंतीकडे तोंड करून कुणाशी तरी हुज्जत घालत. विश्वजीत तिला घास भरवायचा, तिचे केस विंचरायचा. पण कपाट उघडा, असं आईला सांगायची त्याची छाती झाली नाही.

लतिका नागपूरची, बी. फार्म. झालेली. अशा गोळ्या एकदम बंद केल्यावर काय होतं, हे त्या घरात तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. तिनं चार नवरात्रं तोंड उघडलं नाही. कारण तिची नजर दुसरीकडेच होती. कस्तुरीच्या पायावर डोकं ठेवणाऱ्या बायकांकडे. भर बैठकीत वाकणाऱ्या तिच्या स्वतःच्या नवऱ्याकडे. नंतर तो भरवलेला घास, ते विंचरलेले केस, त्यांचाही तिला हेवा वाटे. नव्या सुनेनं लग्नानंतर पाच वर्षं महालक्ष्मी पुजायची असते. लतिका दरवर्षी पुजायची, छाती फाटेपर्यंत घागर फुंकायची आणि तिच्या अंगात काही म्हणजे काही यायचं नाही. "सगळ्यांनाच कसं येईल, लतिका? पात्र असावं लागतं," सासूबाई एकदा पाहुण्यांसमोर हसून म्हणाल्या होत्या. यंदाचं वर्ष पाचवं, शेवटचं. यानंतर ती ताटं मांडणाऱ्यांतलीच एक होणार होती.

म्हणून तिनं ठरवलं. कस्तुरीला बरं ठेवायचं.

उपासाच्या दिवसांत कस्तुरीला संध्याकाळी केशरी दूध द्यायची पद्धत होती. लतिका गोळी खलात घोटायची, दुधात ढवळायची आणि पेला स्वतः वर नेऊन द्यायची. कस्तुरी तो निमूट संपवायची आणि रिकामा पेला परत करताना क्षणभर तिच्याकडे पाहायची.

अष्टमीला सकाळी तांदळाच्या उकडीचा मुखवटा झाला. तो दरवर्षी कस्तुरीच करायची. तिच्या हाताला वळण होतं, आणि का कुणास ठाऊक, मुखवट्याचे ओठ नेमके तिच्या ओठांसारखे उतरायचे. बायका कौतुकानं म्हणायच्या, देवी सुनेवर गेलीय. यंदाही तिनं ऊन ऊन उकड मळली, नाक काढलं, काजळानं डोळे रेखले. मुखवटा सुबक झाला. पण तो कुणासारखाच नव्हता. आनंदीबाई बराच वेळ त्याच्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, यंदा चेहरा रिकामा वाटतो. कस्तुरी हात धूत होती. ती नुसतं हसली.

दिवेलागणीला हॉल भरला. एसी बंद केला होता, वाऱ्यानं समया विझू नयेत म्हणून. उदाचा धूर छताखाली साचला होता. त्यात उकडीचा कोमट, ओलसर वास, गजऱ्यांचा वास, घामाचा वास. कोपऱ्यावरच्या बंगाली मांडवातला ढाक नावाचा ढोल भिंतीतून ऐकू येत होता. मधेच तो थांबला की घागरींचा आवाज मोठा व्हायचा. घुं... घुं... घुं... पोकळ, जाड आवाज. कानापेक्षा बरगड्यांना आधी कळणारा.

कस्तुरी मधोमध फुंकत होती. सगळ्यांचे डोळे तिच्यावर. बराच वेळ गेला. तिचे केस सुटले नाहीत, मान डुलली नाही. मग तिनं घागर खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि एखादी भाजी संपल्याचं सांगावं तशी म्हणाली, "आई, आज नाही. मला बरं वाटतंय."

आनंदीबाई तिच्याजवळ सरकल्या. "फुंक... अजून थोडी फुंक. लोक बसलेत, कस्तुरी..."

कस्तुरीनं मान हलवली आणि ती विश्वजीतशेजारी जाऊन बसली. विश्वजीत तिच्या चेहऱ्याकडे असा बघत राहिला, जणू ती लांबच्या गाडीतून आत्ताच उतरली होती.

लतिकानं तीच घागर उचलली.

तिनं सगळं बसवलं होतं. आधी सावकाश, मग जलद. डावा खांदा खाली, केसांची गाठ सैल, पापण्या अर्ध्या. कस्तुरीला चार वर्षं तिनं उगाच निरखलं नव्हतं. ती फुंकू लागली. बायका कुजबुजल्या, मग गप्प झाल्या. तिच्या बंद पापण्यांआड पुढचं सगळं तयार होतं: सासूबाई वाकतील, देवदत्त वाकेल, आणि कस्तुरी लांबून पाहील.

आणि मग घागरीतून तिच्या तोंडावर फुंकर आली.

आधी तिला वाटलं, आपलीच हवा परत येतेय. पण तिनं श्वास घ्यायला तोंड बाजूला केलं तरी ती येतच राहिली. कोमट, संथ. उदाचा वास तिला नव्हता. नवरात्रानंतर कस्तुरीच्या खोलीत जो वास असायचा तो होता. न धुतलेल्या केसांचा, कोंडलेल्या श्वासाचा. लतिकाला घागर टाकावीशी वाटली. हात उघडेनात. घुमणं चालूच होतं, आणि तिच्या लक्षात आलं की आपण फुंकायचं केव्हाच थांबवलंय. त्या घुमण्याच्या तळाशी कुणीतरी, अंधारात चाचपडत माणूस शोधावं तसं, हाक मारत होतं.

"कस्तुरी... कस्तुरी, कुठं आहेस..."

ओ द्यायची नाही, हे तिला कळत होतं. पण पाच वर्षं ज्या जागेसाठी जीव टाकला ती समोर रिकामी होती आणि दारात कुणीतरी उभं होतं. लतिका मनात म्हणाली, "इथं. इथं आहे मी."

त्यानंतरचं तिला काही आठवलं नाही. डोळे उघडले तेव्हा तिचं डोकं कुणाच्या तरी मांडीवर होतं आणि पायांशी आनंदीबाई वाकल्या होत्या. खरंच वाकल्या होत्या. तासभर ती बोलत होती म्हणे. हॉटेलवाल्या तेजश्रीबाईंना तिनं त्यांच्या गर्भातच गेलेल्या मुलाचं ठरवून ठेवलेलं नाव सांगितलं, जे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्या रडत रडत घरी गेल्या. देवदत्तनंही पायांना हात लावला. मग त्यानं मान वर केली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

तिला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

नवमीला सकाळी विश्वजीत कस्तुरीला घेऊन दशाश्वमेध घाटावर गेला. नावेत बसून आली दोघं, नव्या जोडप्यासारखी. येताना कचौडी-जलेबीचा पुडा आणला. कस्तुरी गाडीतून उतरताना कशाला तरी खळखळून हसली. लतिकानं ते वरच्या खिडकीतून पाहिलं. तिला खाली जाता येत नव्हतं. आनंदीबाईंनी सांगितलं होतं, लोक दर्शनाला येताहेत, तू उगाच हिंडू नकोस, अंगातलं विरतं. तिच्यासाठी फुलं आली होती, खण-नारळ आले होते. तरी तिचे डोळे कस्तुरीवरून हलेनात. तिच्या मनात आलं, हिला देवीही मिळाली आणि आता नवराही. आपल्या वाट्याला हिचं उष्टं.

हाक थांबली नव्हती. ती आता घागरीतून येत नव्हती. नळाचं पाणी पडताना यायची, पंख्यातून यायची, कुणी बोलायचं थांबलं की त्या गपगार जागेत यायची. लतिकाला या लक्षणाचं पुस्तकातलं नाव माहीत होतं. त्यावरच्या गोळ्यांच्या उरलेल्या पट्ट्या तिच्याच पर्समध्ये होत्या. दिवसभरात तिनं दोनदा पर्स उघडली आणि मिटली. गोळी घेतली आणि ते गेलं तर? जाऊन जाऊन कुठं जाईल ते? ज्याच्या नावानं हाका मारतंय त्याच्याकडेच ना?

संध्याकाळी कस्तुरी वर आली. दार लोटून पलंगाच्या कडेला बसली. तिच्या अंगाला नदीचा आणि उन्हाचा वास येत होता.

"दुधात तूच घालत होतीस," ती हळू आवाजात म्हणाली. "चव लगेच कळली मला. मी मुद्दाम काही बोलले नाही. वाटलं, या घरात कुणीतरी आपलं आहे."

लतिकानं पर्स मांडीवर ओढली.

"आता तू घे. आईंना सांगूच नको. मी आणते दूध, जसं तू आणायचीस. फार वाईट असतं गं ते... लोकांना वाटतं आपण बोलतो. आपण बोलत नसतो."

"वहिनी, तुम्हाला ते परत हवंय," लतिका म्हणाली. "म्हणून आलात."

कस्तुरीनं लतिकाचा हात हातात घेतला, आणि विचारावं की नको अशा आवाजात विचारलं, "ते तुला हाक मारतं ना? नावानं?"

"हो."

"कुठल्या नावानं?"

खाली मांडवातला ढाक थांबला होता. पंखा फिरत होता. त्याच्या घरघरीत ते अगदी जवळ होतं, कानाच्या पाळीला ओठ लागावेत इतकं जवळ. खरं नाव सांगितलं असतं तर कस्तुरी सावध झाली असती. कदाचित त्याच रात्री माहेरी, पुण्याला निघून गेली असती. लतिकाला तेही कळत होतं.

"माझ्याच," ती म्हणाली.

कस्तुरीनं सुटकेचा श्वास सोडला. "मग बरं. मला वाटलं..." ती पुढे बोलली नाही. तिनं लतिकाच्या केसांवरून हात फिरवला, दूध घेऊन येते म्हणाली आणि खाली गेली. जिन्यावर तिची पावलं वाजली. स्वयंपाकघरात पातेलं ठेवल्याचा आवाज आला.

लतिकानं दोन्ही हातांनी कान दाबले आणि ओठ घट्ट मिटले. तिच्या आत, कवटीच्या अगदी आतल्या बाजूला, ते पुन्हा हाक मारू लागलं. आता त्या हाकेत शोधणं नव्हतं. आजवर दुसऱ्या कुणालाही ती ऐकू गेली नव्हती.

"कस्तुरी..."

खालून, भरल्या घरातून, कस्तुरीचा मोकळा आवाज आला.

"ओ... आले, आले."