दोन सरळ लेबलं

"माझे बाबा जगू नयेत असं कुणाला तरी वाटतंय," तो तरुण दारातूनच म्हणाला. "आणि ते माणूस आमच्या घरातलंच आहे."

वहिनींनी त्याला आधी बसवलं, मग पाणी दिलं.

"आता पहिल्यापासून सांगा."

वहिनी बावीस वर्षं खाजगी तपासाचं काम करत होत्या. सोबत कायम त्यांचा दीर असे. तो उठता बसता 'वहिनी, वहिनी' करी, म्हणून सगळेच त्यांना वहिनी म्हणू लागले, आणि तो झाला सगळ्यांचा भावोजी. जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेला माणूस. कानामागे पेन्सिल, हातात वही, आणि डोक्यात गोष्ट शिरायला जरासा उशीर.

"बाबा बुकबाइंडर," तरुण सांगू लागला. "यकृताला सूज आणणारा विषाणू लहानपणी अंगात शिरला आणि पंचेचाळीस वर्षं गुपचूप बसून राहिला. आता यकृत पार निकामी झालंय. दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा बसवणं हा एकच उपाय. तो मी देणार होतो. ऑपरेशन परवा ठरलंय."

"देणार होतो म्हणजे?"

"गेल्या आठवड्यात रिपोर्ट आला. तोच विषाणू माझ्याही रक्तात. आठ महिन्यांपूर्वी मी रक्तदान केलं तेव्हा काही नव्हतं हो! बायको सात महिन्यांची गरोदर आहे. घाबरून तिला माहेरी पाठवली. काल हट्टाने पुन्हा रक्त दिलं. आज रिपोर्ट आला. विषाणू नाही."

"मग झालं की!" भावोजी म्हणाले.

"कसलं झालं? डॉक्टरीणबाई म्हणतात, एका माणसाचे दोन रिपोर्ट दोन गोष्टी सांगतायत. नळ्यांत कुणी आणि कसा हात घातला ते कळल्याशिवाय मी सुरी उचलणार नाही. आणि बाबांकडे फार तर दोन आठवडे आहेत."

वहिनींनी पायात चपला सरकवल्या.

डॉक्टरीणबाईंची खोली हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर होती. त्यांनी तरुणाला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं.

"या कुटुंबाचा मी अभ्यासही करतेय. बाबांना आणि त्यांच्या थोरल्या बहिणीला लहानपणी एकाच सकाळी, एकाच सुईने इंजेक्शन दिलं होतं."

"तेव्हा तसंच होतं," वहिनी म्हणाल्या. "स्टीलच्या डब्यात काचेच्या सिरिंज उकळायच्या. गर्दी वाढली की उकळणं राहून जायचं. कंपाउंडर 'डोळे मीट' म्हणायचा आणि आम्ही मिटायचो. पुढच्याला कुठली सुई टोचली ते कोण बघतंय!"

"बहीण पिवळी पडली, महिनाभर अंथरुणात होती आणि खडखडीत बरी झाली. भावाला एक दिवसही त्रास झाला नाही. विषाणूने मात्र त्याच्यात घर केलं."

"सख्खी भावंडं ना?" भावोजींनी विचारलं.

"सख्खीच. पण अंगात शिरलेला परका ओळखायचा कसा, हे ठरवणाऱ्या जनुकांचा एक पट्टा आईकडून येतो, एक वडिलांकडून. भावंडांत कुणाच्या वाट्याला कुठला येईल याचा नेम नाही. बहिणीला विषाणू ओळखणारा चांगला पट्टा मिळाला, भावाला नाही, असा माझा अंदाज आहे. एका घरावरून ते ठरत नाही, म्हणून शंभर घरं तपासतेय. पण हे बघा. हा कागद मी कुणालाच दाखवलेला नाही."

गेल्या आठवड्यात एकाच बैठकीत घेतलेल्या रक्तावरून तो तक्ता केला होता. प्रत्येकाच्या नावापुढे दोन रंगांचे पट्टे.

आई: हिरवा, पिवळा.
आत्या: निळा, जांभळा.
बाबा: लाल, हिरवा.
मुलगा: लाल, निळा.

बाहेर येताच भावोजींनी वहिनींना कोपऱ्यात ओढलं. "वहिनी, मुलाकडे आईचा एकही रंग नाही! तो त्या बाईंचा मुलगाच नाही!"

"हळू बोला, भावोजी. आणि चारही ओळी वाचा. तुम्ही दोनच वाचल्यात."

रक्त घेणाऱ्या बाई तळमजल्यावर होत्या. त्यांचे डोळे रडून सुजले होते.

"येणार माझ्यावरच. नऊ वर्षांत एक नळी इकडची तिकडे झाली नाही. त्या दिवशी चौघांचं रक्त पेशंटच्या खोलीतच घेतलं. लेबलं माझ्या हाताने लावली. तेवढ्यात मुलाला घेरी आली. मी आणि त्याची आई त्याला धरून बाहेर बाकावर घेऊन गेलो, आत्या पाणी आणायला पळाल्या. ट्रे पेशंटच्या टेबलावर राहिला. पाच-सात मिनिटं असतील."

"खोलीत आधी कोण परतलं?"

"आई. पर्स घ्यायला."

"लेबल कसं लावता, दाखवा."

बाईंनी रिकाम्या नळीवर झटक्यात लेबल लावलं. ते थोडं तिरकं बसलं. त्याचं टोक त्यांनी दुमडून मोकळं ठेवलं.

"ही शेपटी. मागाहून लेबल काढायला सोपं जातं. सगळ्या हसतात मला."

वहिनींनी त्या दिवशीच्या नळ्या फ्रीजमधून काढायला लावल्या. आईची आणि आत्याची लेबलं तिरकी होती, शेपटीची. बाबांचं आणि मुलाचं लेबल मात्र नळीच्या अंगाला कातडीसारखं सरळ बसलं होतं. शेपटी नाही, सुरकुती नाही.

"लिहा, भावोजी. दोन तिरकी, दोन सरळ."

"लिहिलं. कळलं काहीच नाही."

बाबांच्या खोलीत खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला होता. त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं, पाय सुजलेले. कुशीवर वळायलाही आधार लागे. पलंगावर आडव्या सरकवलेल्या टेबलावर गरम पाण्याची रबरी पिशवी होती, आणि काडेपेटीएवढं एक छोटं पुस्तक.

पलंगाशेजारी आत्यांसोबत बसलेल्या आईंनी, वहिनींनी विचारायच्या आधीच, सांगून टाकलं. "हो, मीच आधी आले. पर्स घेतली आणि गेले. मुलाला कापावं असं कुठल्या आईला वाटेल? पण नवराही माझाच आहे ना?"

"मला विचारा," आत्या पुढे सरसावल्या. "मी म्हटलं, माझं यकृत घ्या. तर म्हणे वय झालं! म्हटलं, मग जीभ तरी घ्या, ती अजून तरुण आहे."

"ताई, गप्प बस," बाबा पुटपुटले. त्यांच्या ओठांवर क्षणभर हसू आलं.

वहिनींनी ते छोटं पुस्तक उचललं. औषधांच्या खोक्यांचे कागद, आणि कडा सुरीने कापल्यासारख्या.

"सुंदर बांधलंय. इथे डिंक कुठून आणलात?"

"डिंक कशाला? खोक्यांवरचे चिकट कागद गरम पिशवीला जरा टेकवले की अलगद सुटतात. तेच परत लावायचे. नातवंडासाठी केलंय."

वहिनींनी पुस्तक जपून जागेवर ठेवलं. मग डॉक्टरीणबाईंना, रक्त घेणाऱ्या बाईंना आणि त्या तरुणाला खोलीत बोलावून घेतलं आणि दार लोटलं.

"तक्त्यात मुलाकडे आईचा एकही पट्टा नव्हता," त्यांनी सुरुवात केली. आईंनी हातातला पेला खाली ठेवला. "घाबरू नका. त्याच तक्त्यात तुमचा हिरवा पट्टा भलत्याच ठिकाणी होता. तुमच्या नवऱ्याकडे! नवऱ्याला बायकोचा पट्टा कुठून मिळणार? तो मिळतो मुलाला. म्हणजे 'बाबा' लिहिलेल्या नळीत मुलाचं रक्त होतं, आणि 'मुलगा' लिहिलेल्या नळीत बाबांचं. नावं अदलाबदल करून वाचा. मुलाला आईचा हिरवा मिळतो, बाबांचा लाल मिळतो. आणि आत्यांचा निळा त्यांच्या भावाशी जुळतो."

"पण मग बाबांच्या नावावर 'विषाणू नाही' असं यायला हवं होतं," भावोजी म्हणाले. आज पहिल्यांदाच त्यांनी वेळेवर शंका काढली होती.

"त्यांची ती तपासणी आम्ही केलीच नाही," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "त्यांना आजार आहे हे सगळ्यांना ठाऊकच होतं."

"हे ओळखूनच कुणीतरी लेबलं बदलली. फाडली नाहीत, अलगद सोडवली आणि परत लावली. पण हाताची सवय नडली. रक्त घेणाऱ्या बाई तिरकं लावतात, शेपटी ठेवतात. या हाताला वाकडं लावताच येत नाही, सुटलेलं टोक दिसलं की ते दाबून बसवल्याशिवाय चैन पडत नाही. आई पाच-सात मिनिटांनी आल्या आणि पर्स घेऊन गेल्या. आत्या पाण्यासाठी बाहेर होत्या. या खोलीतून एकच माणूस हलला नाही. ट्रे त्याच्या पुढ्यात होता, आणि गरम पिशवीही."

सगळ्यांच्या नजरा पलंगाकडे वळल्या.

"बाबा?" तरुण एक पाऊल पुढे आला.

बाबांनी डोळे मिटले. "मी आधी नाही म्हणून पाहिलं. तुमच्यापैकी कुणी ऐकलं का? म्हटलं, रिपोर्टचं तरी ऐकतील. आमच्या धंद्यात जुनं पुस्तक बांधायला नव्या पुस्तकाची पानं फाडत नाहीत रे."

"आठ दिवस, बाबा!" तरुणाचा आवाज फाटला. "आठ दिवस मला वाटत होतं, मी तिला विषाणू दिला, बाळाला दिला. तिला माहेरी का पाठवली हे तिला सांगायचंही धाडस झालं नाही. तुम्ही मला वाचवत होतात?"

बाबांनी डोळे उघडले. हा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांची बोटं चादरीची कडा सारखी सरळ करू लागली.

"फाडलेली पानं परत येत नाहीत," मुलगा जवळ बसत म्हणाला. "यकृत वाढतं. डॉक्टरीणबाईंना विचारा. धोका आहे, तो मी ऐकून घेतलाय. पण द्यायचं की नाही हे मी ठरवणार. माझ्या नावाची नळी तुम्ही बदलायची नाही."

डॉक्टरीणबाई पलंगाजवळ आल्या.

"तुमचं दोघांचं रक्त आत्ता, माझ्यासमोर घेणार," त्या म्हणाल्या. "पण तुमची संमती असेल तरच."

बाबांनी मुलाकडे पाहिलं. मग बाही सावकाश वर सारली आणि हात पुढे केला.

बाईंनी नळी भरली, लेबल लावलं आणि टोक दुमडलं. ते तिरकंच बसलं. बाबांचं बोट नकळत त्या टोकाकडे गेलं.

"अं हं," बाईंनी नळी मागे घेतली. "माझी शेपटी राहू द्या."

बाबांनी हात मागे घेतला आणि मुलाच्या हातात दिला. "राहू दे," ते म्हणाले. "आणि सुनेला फोन कर. आधी तो कर."