थांब म्हणावं

टॅम्पिनीस या परदेशी उपनगरातल्या त्या फ्लॅटमध्ये दुपार शांत होती. निहारिकाने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि केस सारखे केले. आजचं व्याख्यान आवडलं तर विद्यापीठातली कायमची नोकरी, नाही तर चंबूगबाळं आवरून पुण्याला परत.

"मी बोलताना हाक मारायची नाही, हं," तिने सोफ्यावर चित्रं रंगवणाऱ्या लेकीला बजावलं.

"ओके लाह, मम्मा," इरा इथल्या शाळेत उचललेल्या लकबीत म्हणाली.

टेबलामागेच शेल्टरचं दार होतं. इथल्या सरकारी फ्लॅटांत बॉम्ब पडले तर लपायला म्हणून जाड भिंतींची, पोलादी दाराची, बिनखिडकीची एक खोली असते. बॉम्ब काही पडत नाहीत. मग लोक तिथे तांदूळ ठेवतात, नाही तर कामवाली. निहारिकाने वातिनीला ठेवलं होतं. जावामधल्या खेड्यातली बाई, इराला तळहाताच्या फोडासारखं जपायची. रविवारची सुट्टी मागितली की निहारिका गोड हसून म्हणायची, "जानेवारीपासून देऊ." जानेवारी उजाडला की दिवाळीनंतर. आणि घरात पाहुणे असले की वातिनीने शेल्टरबाहेर यायचं नाही, काही लागलं तर दार वाजवायचं, असा त्या सुशिक्षित घराचा शिरस्ता.

गेल्या गणपतीत आरती ऐन रंगात आली असताना ते दार वाजलं. आरती सोडून कोण उठणार? "थांब म्हणावं तिला," निहारिका इराच्या कानात पुटपुटली. इरा धावत गेली आणि दाराला तोंड लावून ओरडली, "वेट लाह, आंटी!" दार पुन्हा वाजलं, हळू. मग टाळ्यांत काही ऐकू आलं नाही. मंडळी गेली तेव्हा आत सामसूम होती. झोपली असेल म्हणून कुणी पाहिलंही नाही. सकाळी वातिनी दाराशी बसलेली सापडली, थंडगार. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही, असं निहारिका म्हणाली. दाराला कुलूप नव्हतं. बाहेर यायची परवानगी नव्हती, एवढंच.

पडद्यावर परीक्षक दिसू लागले. निहारिकाचं इंग्रजी आज सफाईने चाललं होतं. "माणसं जन्मतः समान आहेत, असं अमेरिकेतल्या क्रांतिकारकांनी जाहीर केलं आणि मग त्यांना आपल्याच घरातले गुलाम दिसू लागले. पेनसिल्व्हेनियाने १७८० साली कायदा केला. यापुढे गुलाम आईच्या पोटी जन्मेल ते मूल स्वतंत्र..."

टक्... टक्...

आवाज मागून आला. पोलादावरून. शेल्टर तेव्हापासून रिकामं होतं.

"...मात्र अठ्ठावीस वर्षांचं होईपर्यंत त्याने मालकाकडे राबायचं. आणि आईने..." टक्... "आईने मरेपर्यंत."

एका वृद्ध परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "त्या आयांनी स्वातंत्र्य मागितलं, तर मालक काय सांगत असतील?"

दार आता जोरात वाजत होतं. परीक्षकांना ते ऐकू जात नव्हतं. "एक मिनिट," कसंबसं म्हणून निहारिका उठली. हा आवाज आत्ताच्या आत्ता थांबायला हवा होता. तिने दार ओढलं. आत काळोख आणि निलगिरीच्या तेलाचा वास. सर्दी झाली की वातिनी इराच्या छातीला तेच चोळायची. आत कुणीच नव्हतं. कोपऱ्यात पाहायला ती दोन पावलं पुढे गेली, आणि मागे दार लागलं.

मग बाहेरून आवाज आला. तिचाच, शांत, सफाईदार.

"मालक सांगत असतील... थांबा. लवकरच देऊ."

परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. निहारिका अंधारात चाचपडत दाराशी आली. कुलूप नव्हतंच, कडी खाली दाबायची, एवढंच. पण कडीकडे हात जाईना. वाजवण्यापुरता मात्र तो उठत होता. ती वाजवत राहिली. "इरा... बाळा, दार उघड ना गं..."

इवली पावलं धावत आली. पलीकडून दाराला तोंड लावून इरा म्हणाली, "वेट लाह, आंटी! मम्मा अजून बोलतेय."