चंदूच्या होडीची खोली

कुठे जुनं घर पडतंय असं कानावर आलं, की मनोरीच्या हरेश्वरला अन्न गोड लागायचं नाही. अंधेरीला तेव्हा बंगले पाडून बिल्डिंगा उठत होत्या. हा पठ्ठ्या तिथून कौलं, खिडक्या, दाराच्या चौकटी, मिळेल ते गोळा करायचा आणि मार्व्याच्या तरीतून खाडी ओलांडून घरी आणायचा. त्याची बायको मंजुळा वैतागायची. "लोक घरी मासळी आणतात, आमचे हे लोकांची पडकी घरं आणतात!" पण या खेपेला तीही काही बोलली नाही, कारण खोली सगुणासाठी वाढवायची होती.

सगुणा म्हणजे हरेश्वरच्या धाकट्या भावाची, चंदूची बायको. शिमग्यानंतर चंदू एकटाच होडी घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी होडी रिकामीच गोराईच्या किनाऱ्याला लागली. चंदू सापडला नाही, म्हणून सगुणाने बांगड्या फोडल्या नाहीत. रोज भरतीच्या वेळी ती किनाऱ्यावर त्या होडीला टेकून बसायची. पाणी गुडघ्याला लागलं तरी उठायची नाही. एक दिवस ही पोर अशीच आत चालत जाईल, या भीतीने हरेश्वरची झोप उडाली होती. होडीच नसली तर बसेल कशाला? होडी मोडावी, तिच्या फळ्या खोलीच्या जमिनीला वापराव्यात आणि सगुणाला आपल्या डोळ्यांसमोर ठेवावं, असं त्याने ठरवलं.

होडी मोडताना सगुणा रडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, मंग ते येतील कशावर?"

हरेश्वरने पुढची फळी उचकटली.

काम शेवटाला आलं आणि सुतार मार्तंड अडून बसला. होडीचं पुढचं टोक, ज्याला नाळ म्हणतात, ते हरेश्वरच्या घराण्यात कधी घरात घेत नसत. नारळ वाढवून ओहोटीबरोबर पाण्यात सोडून देत. ते केल्याशिवाय होडी संपली असं कोणी मानत नसे, मग तिचे कितीही तुकडे होवोत.

"ही सोड बाबा," मार्तंड म्हणाला. "तुझ्या बापानं पण सोडलेली. मी बघितलंय."

"अरे, असलं सागवान आज मिळतं का? अंधेरीची चौकट बिनउंबऱ्याची आली. हाच उंबरा बसव."

"हरेश्वर…"

"बसव रे!"

मार्तंडने बसवला. हत्यारं गोळा केली आणि चहालाही न थांबता गेला.

पहिले आठ-दहा दिवस झकास गेले. सगुणाने किनाऱ्यावर जाणं सोडलं. ती खोलीतच बसे, जाळं विणी, दोन घास जास्त खाई. हरेश्वरला स्वतःच्या अकलेचं फार कौतुक वाटलं. फक्त भरतीच्या वेळी खोलीत ओल्या जाळ्याचा वास सुटायचा आणि जमिनीखाली काहीतरी चुबुक चुबुक वाजायचं. मंजुळाने एकदा सांगितलं, की कोनाड्यातला तांब्या आपोआप सरकतो. "लाकूड बसतंय," तो म्हणाला. ते लाकूड बारा वर्षं पाण्यात मुरलेलं होतं, आता नव्याने बसायला त्याला काय झालं होतं?

वैशाखातली अमावास्या. भर दुपारचं उधाण. वारा पडलेला, माडाची झावळीसुद्धा हलत नव्हती. मंजुळाने सगुणाच्या जेवणाचं ताट हरेश्वरच्या हाती दिलं आणि ती ओटीवर उभी राहिली. तो उंबरा ओलांडून खोलीत गेला. सगुणा मधोमध बसली होती. केस विंचरलेले, कपाळाला ताजं कुंकू.

तेवढ्यात खोलीचा डावा कोपरा हळूच खाली दबला.

हरेश्वर जन्माचा दर्यावरचा माणूस. त्याला सांगावं लागलं नाही. पाण्यातून माणूस हातांवर जोर देऊन होडीत चढतो, तेव्हा होडी अशीच कलते.

सगुणा हसली. किती महिन्यांनी हसली ती! "आले," ती हळूच म्हणाली.

कोपऱ्यात कोणी नव्हतं. फळी मात्र ओली होत चालली होती.

मग उजवा कोपरा दबला.

सगुणाचं हसू जागच्या जागी विरलं. "दादा… हे तर एकटेच गेले होते ना?"

पुन्हा डावीकडे. पुन्हा उजवीकडे. एकामागून एक, न बोलता, न धक्काबुक्की करता कोणी कोणी चढत होतं. खोली जड झाली. खारट, कुजका वास नाकात भरला.

"ऊठ!" त्याने ताट टाकलं आणि तिचा हात धरून दाराकडे ओढलं.

दारात तो थबकला. उंबरा आणि ओटी यांच्यामध्ये वीतभर फट पडली होती. फटीत पाणी होतं, काळं आणि खोल. फट हातभर झाली. पलीकडे मंजुळा हात पुढे करून उभी होती. तिचं तोंड हलत होतं, पण आवाज पोचत नव्हता.

"दादा, मला नाय जायचं ह्या लोकांबरोबर… दादा!"

सगळा जीव एकवटून त्याने सगुणाला ढकललं. ती ओटीच्या कडेवर पोटावर आपटली. मंजुळाने तिचे केस, पदर, जे हाती आलं ते धरून तिला वर ओढलं. सगुणा वाचली. एवढं हरेश्वरने डोळ्यांनी पाहिलं.

त्याने उडी मारायला पाय उचलला. तेवढ्यात खांद्यावर हात पडला. थंडगार, जड हात.

"दादा, बस खाली," मागून कोणीतरी मायेने म्हणालं. "भार सारखा होऊ दे."

दादा म्हणणारा एकच भाऊ होता त्याला. पण आवाज चंदूचा नव्हता.