बोटाखालची ओळ

"ताई, इथं गांधीबागेतल्या दुकानावानी नको करू वं... लोक पाहून राहिले," संजीव दबक्या आवाजात म्हणाला, आणि भागीरथाचं बोट कागदावरच्या तिसऱ्या ओळीवर जागच्या जागी थिजलं.

शोरूमच्या थंडगार काचघरात हार घातलेली पांढरी गाडी उभी होती. संजीवची बायको दामिनी आरतीचं ताट हातात धरून दर मिनिटाला भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती, कारण गुरुपुष्याचा योग पाऊण वाजेपर्यंतच होता आणि सव्वाबारा तर होऊन गेले होते. नेमक्या अशा वेळी विक्रेत्या रविंद्रनं अंतिम हिशेबाचा कागद पुढे केला होता. गाडी बुक करताना ज्यांचा कुणी उच्चारही केला नव्हता अशा तीन रकमा त्यात निमूटपणे येऊन बसल्या होत्या... अ‍ॅक्सेसरी किट, कोटिंग आणि हँडलिंग. सगळ्या मिळून बावीस हजार.

मोतीबिंदूनं धूसर झालेल्या डोळ्यांजवळ कागद नेत भागीरथानं फक्त एवढंच विचारलं होतं, "हे हँडलिंग म्हंजे कायचं गा, भाऊ?"

"गाडी गोडाऊनमधून इथं आणायचं, मॅडम. सगळ्यांनाच लागतं."

"मंग एवढी किंमत घेतली, ती काय गोडाऊनमधेच ठेवायची होती?"

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ खुदकन हसले होते, आणि संजीवच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आता तिनं बोट उचलून कागद खाली ठेवला. पण टेबलाखाली तिचे पाय मात्र स्वस्थ बसेनात. डावा, उजवा, पुन्हा डावा... अडतीस वर्षं मागाच्या पावड्या दाबलेले ते पाय मन अस्वस्थ झालं की आपसूक चालू लागत. विचारणं एवढा का मोठा अपराध असतो? तिला आठवलं, वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि संजू सहा. पाचपावलीतल्या त्या घरात दुसऱ्याच दिवशी ती मागावर बसली, आणि पुढे आलेली दोन स्थळं तिनं 'संजूची दहावी होऊ द्या' म्हणून परत पाठवली. विणलेली लुगडी घेऊन गांधीबागेत गेलं की शेठ चिठ्ठीवर डागाचे, घडीचे, तुटल्या सुताचे पैसे कापून ठेवी. भागीरथा एकेका ओळीवर बोट ठेवी आणि विचारी, "हे कायचं?" उत्तर मिळेपर्यंत, नाहीतर ती ओळ खोडली जाईपर्यंत, ते बोट हलत नसे.

एकदा दहा वर्षांचा संजू सोबत होता. "कोष्ट्याची पोरगी वकील व्हायले पायजे होती," असं शेठ म्हणाला, गादीवरची माणसं हसली, आणि पोरानं पदर ओढला, "ताई, चाल नं घरी." त्या क्षणी त्याच्या इवल्याशा चेहऱ्यावरची ती लाज तिच्या काळजात रुतली होती... आज चौतीस वर्षांनंतर अगदी तीच लाज त्याच चेहऱ्यावर तिनं पुन्हा पाहिली.

"कार्डावर होत नाही," संजीव दामिनीला कुजबुजला. "लिमिट संपली."

"मंग आज राहू द्यायचं काय? माह्या आईनं तिकडं बेसात साऱ्या सोसायटीले पेढे सांगून ठेवले," दामिनी रडवेली झाली.

भागीरथानं पिशवीत हात घातला आणि एक जुना शिवलेला बटवा काढून टेबलावर ठेवला. गाडी मिळाली की पहिली फेरी धंतोलीला, डोळ्याच्या दवाखान्यात. सोमवारच्या ऑपरेशनचे पैसे आजच भरायचे, असं ठरलं होतं.

"घे. पाऊण व्हायच्या आत गाडी काढ."

"हे तुह्या डोळ्याचे हाय, ताई."

"डोळ्याचं काय गा... उजव्यानं दिसते मले अजून. पुढच्या सालीही होईल."

तिचा स्वर इतका शांत होता की संजीवला तो सहन होईना. त्यानं बटवा उचलला. रेशमी काठाचं कापड होतं ते, जांभळं, आणि काठाच्या मधोमध एक सूत तुटून केसाएवढी फट पडलेली. त्याचा अंगठा त्या फटीवर थांबला.

"ज्या लुगड्याचा हा बटवा शिवला, ते तुले आवडलं म्हणून ठेवलं, असं म्हणाली होतीस तू."

"महिनाभर विणलेलं शेठनं तोंडावर फेकलं, तं आवडूनच घ्या लागते, बाप्पा."

"कधी?"

"तू पदर ओढला त्या दिवशी. मी विचारणारच होती... पण तुह्याकडं पाहिलं अन् उठली."

"अन् मले वाटलं, तू त्या दिवसापासून भांडणं सोडलं."

"तुले न्यायचं सोडलं," भागीरथा म्हणाली. तिच्या बोलण्यात रोष नव्हता. "विचारणं सोडलं असतं तं तुही फी कुठून भरली असती गा?"

संजीवचे डोळे भरून आले. बटवा त्यानं दोन्ही हातांनी तिच्या ओटीत ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि तिसऱ्या ओळीवर आपलं बोट ठेवलं.

"रविंद्रभाऊ, हे कायचं?"

"सर, मुहूर्त निघून जाईल..."

"मुहूर्त आमचा हाय. तुम्ही हे सांगा."

रविंद्रनं इकडेतिकडे पाहिलं. "खरं सांगू सर? माझ्या हातात नाही हो. वरून टाकतात." आणि तो मॅनेजरला बोलवायला उठला. दामिनीनं एकदा घड्याळाकडे, एकदा नणंदेकडे पाहिलं आणि आरतीचं ताट हलकेच खाली ठेवलं. मॅनेजर आला, हसला, समजावू लागला, मग जरा चिडला. बोट मात्र हललं नाही. अखेर हँडलिंग गेलं, कोटिंग गेलं. किटमधली सीटकव्हरं आधीच बसवली आहेत, असं तो म्हणाला, तेव्हा "मंग काढून घ्या," असं दामिनीच म्हणाली.

नवा कागद छापून आला तेव्हा सव्वा वाजला होता. योग केव्हाच सरला होता.

संजीवनं पेन उघडलं, पण सही केली नाही. कागद त्यानं बहिणीसमोर सरकवला.

"पाहून घे, ताई."

शेजारच्या टेबलावरची माणसं पुन्हा वळून पाहू लागली. भागीरथानं कागद डोळ्यांजवळ नेला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत सावकाश वाचू लागली. टेबलाखाली तिचे पाय आता हलत नव्हते. संजीव तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

"दवाखाना दोनपर्यंत उघडा असते," ती मधेच म्हणाली.

"पोचतो आपण. तू वाच."