मळ्यातल्या विटांच्या घराची कडी

गाय व्यायला झाली होती, म्हणून गुंडाप्पा मळ्यात मुक्कामाला गेला. कारण एवढंच. सुरज, तो मोबाईल पालथा ठेव आधी. आणि हसायचं असंल तर आत्ताच हसून घे, मधी खिदळायचं न्हाय.

गुंडाप्पा माझा जोडीदार. माकणीच्या धरणाकाठी मळ्यातलं त्याचं विटांचं घर तुम्ही बघितलंय. निजामाच्या काळातलं, चपट्या विटांचं. त्र्याण्णव साली दगडमातीची गावं बसली, पण त्या घराची एक वीट हलली न्हाय. भूकंपाच्या रात्री गुंडाप्पा त्यातच झोपला होता. बायको धुरपता आणि पाच वर्षांची शिवकन्या गावात, आतून कडी लावून. त्यानंच बजावलं होतं, "म्या घरी न्हाय, कडी लावून झोपा."

सकाळी हा ढिगाऱ्यापाशी पोचला. दुपारपर्यंत आतून आवाज येत होता. आम्ही उकरत होतो. हा नुसता उभा. हातच उचलंनात त्याचे. दोघींना बाहेर काढलं तेव्हाही रडला न्हाय, आणि पुढं बत्तीस वर्षं न्हाय. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा. मला राग यायचा त्याचा, खोटं कशाला बोलू.

आमच्या वयाची माणसं रात्री कडी घालत न्हायत, दाराला दगड लावतात, ते तेव्हापासून. तुम्ही पोरं त्याला खूळ म्हणता.

तर गेल्या सालची एकोणतीस सप्टेंबर, सोमवार. पाऊस लागून राहिलेला. रात्री एकच्या सुमारास गाय मोकळी झाली. गुंडाप्पानं वासरू पुसलं, घरात आणून बांधलं. वाऱ्यानं दार आपटायला लागलं. वासरू दर वेळी दचकायचं. दगड काही टिकंना. शेवटी त्यानं कडी घातली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

चारला थोडं कमी होतं. भूकंपाची तीच रात्र, तीच वेळ.

दारावर थाप पडली.

"आवो... कडी काढा."

गुंडाप्पा बसून राहिला. हात उचलंना.

"आवो..."

मग दुसरी थाप. दाराच्या खालच्या अंगाला. बारक्या हाताची.

"आप्पा..."

वासरू उठलं. दाराकडं बघत उभं राहिलं.

मग काहीच न्हाय. पाऊससुद्धा ऐकू येईना.

एवढंच त्याला आठवतं...

सकाळी मी चहा घेऊन गेलो. वाटंनं गुडघाभर चिखल. दार आतून बंद. गुंडाप्पा आणि कडी? लई हाका मारल्या, तेव्हा दार उघडलं.

"रात्री कुणी आलं व्हतं का रे?"

"आल्या व्हत्या." आवाज नेहमीचाच, सपाट. "काढलं दोघींना."

"कुठनं?"

त्यानं हात पुढं केले. नखं फुटलेली. कोपरापर्यंत माती. मी पाण्याचा तांब्या उचलला. म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

त्या मळ्याच्या चारी अंगाला काळं रान आहे, पोरांनो. ही माती पांढरी होती, जुन्या गावातल्या भिंतींची असायची तशी.

रात्रभर पाऊस कोसळला होता. मी ती चिमटीत धरून बघितली.

कोरडी होती.