क्रौंचाचं तिसरं पिल्लू

सन शहाण्णवची गोष्ट. एका जातीचे क्रौंच पक्षी जगात दीडशेसुद्धा उरले नव्हते. त्यांची पिल्लं वाढवणाऱ्या केंद्राच्या संचालक साहेबांना मात्र वाटे, दुर्मिळ आहोत ते आपणच.

सकाळीच त्यांनी खात्याच्या तपासनीस बाईंना फोन केला.

"तीनपैकी एक पिल्लू चोरीला गेलंय! रविवारी मोठे पाहुणे येणार, फोटोवाले येणार. चोर मी शोधलाय. तुम्ही फक्त सही करा."

"मग नुसतं पेनच पाठवते की," म्हणत बाई निघाल्या.

केंद्रात साहेबांनी चुटकी वाजवली तसा शिपाई खुर्ची घेऊन धावला. दुसऱ्या चुटकीला चहा आला. साहेबांच्या बोटाला पट्टी होती.

"काय लागलं?"

"गुलाबाचा काटा."

चोर म्हणून उभ्या केल्या होत्या पिल्लं वाढवणाऱ्या मावशी. बारा वर्षांची नोकरी पणाला लागलेली.

"पिल्लांच्या खोलीच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझी, एक साहेबांची."

"मी सहा महिन्यांत तिथे पाऊल टाकलेलं नाही!" साहेब गरजले.

"पिल्लं तुम्हाला ओळखतात, मावशी?"

"ओळखतील कशी? मी नखशिखांत पांढऱ्या झग्यात. हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली, भरवायचं तिच्या चोचीतून. तोंडातून चकार शब्द नाही. माणसाचा लळा लागला की पिल्लू रानात सोडता येत नाही, बाई. नोकरीचं राहू द्या, आधी ते शोधा."

बाईंनी मावशींना एकदाच, झग्याशिवाय, खोलीच्या दारात उभं केलं. दोन्ही पिल्लं पलीकडच्या भिंतीला चिकटली.

"आता साहेब, तुम्ही."

"हा काय पोरखेळ? शिपाई!" साहेबांनी चुटकी वाजवली.

दोन्ही पिल्लं चोची वासून त्यांच्या बुटांपाशी धावत आली.

बाई शांतपणे म्हणाल्या, "यांना उघड्या हातानं, चुटकी वाजवून कुणीतरी भरवलंय. बाहुलीनं भरवणाऱ्या मावशींची बोटं धड आहेत, तुमच्या बोटाला चोच लागलीय. रविवारच्या फोटोत पिल्लानं तुमच्या हातून खावं, त्याची ही तालीम. सगळ्यात माणसाळलेलं घरी नेलंत. कुठे ठेवलंय?"

"न्हाणीघरात," साहेब पुटपुटले. "रविवारी मीच शोधून आणणार होतो…"

"वा! चोरही तुम्ही, वीरही तुम्ही. आणि मधल्या मध्ये मावशी घरी!"

मावशींनी साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. "तिन्ही वाया घालवली हो यांनी," एवढंच म्हणाल्या.

साहेबांची बदली झाली. पुढे ते पक्षीरक्षणावर भाषणं देत फिरले, हारतुरे घेतले. तपासनीस बाई निवृत्त झाल्या. ती तीन पिल्लं जन्मभर जाळीआडच राहिली. सहा वर्षांनी त्यांना पाच पिल्लं झाली, ती मावशींनी झग्यातूनच वाढवली.

सोडायच्या दिवशी मावशींनी मुद्दाम झगा उतरवला. माणूस दिसताच पाचही पक्षी घाबरून उडाले, मागे वळून न पाहता. मावशी कितीतरी वेळ हसत उभ्या होत्या.